माझी मान, माझा मान

मोजमाप कार्यालयात शिड्या दोन. एक लाकडाची, जिन्याखाली आडवी पडलेली. दुसरी म्हणजे ड्रायव्हर. लाकडीच्या दोन पायऱ्या मोडल्या तेव्हापासून लोक दुसरीलाच हाक मारायचे. दिवा गेला, बोलवा शिडीला. पंख्यावर धूळ बसली, बोलवा शिडीला. कपाटावर चढलेली फाइल कितीही जुनी असो, शिडी नुसता हात वर करायचा आणि फाइल पिकल्या फळासारखी हातात यायची. ना म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एवढ्या उंचीवरून ना म्हटलं तर खालच्याला फार लागेल, असं त्याला वाटायचं.

घरीही तेच. बायको शिवणकाम करायची, आणि उंचीनं त्याच्या कोपराशी संपायची. मशीनचं चाक फिरलं की तिच्या तोंडात ओवी यायची, आणि ओवी आली की तीत नवरा आलाच:

उंच माझा धनी, वाकून येतो दारी
चौकटीला वाटे बाई, मला नमस्कार करी

चौकट कसली, आख्खं जग आपल्या नमस्कारासाठी बांधलंय असं त्याला वाटायचं. नळ, आरसे, तिकिटाच्या खिडक्या, सगळ्यांपुढे वाका. एकच जागा अशी होती की जिथे तो कुणापेक्षा उंच नव्हता, आणि ती म्हणजे कार्यालयाच्या गाडीतली ड्रायव्हरची सीट. तिथे बसलं की पाय खाली पेडलांकडे निघून जायचे आणि आपल्याबरोबर निम्मी उंची घेऊन जायचे. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस त्याच्याकडे बघायचा तो सरळ, डोळ्यांत डोळे घालून. बसला की माणूस माणसाएवढा. या एका सुखासाठी तो सकाळी अर्धा तास आधी येऊन काच पुसायचा.

पण सुखाला काटा असतो, आणि हा काटा नेमका मानेत रुतला होता.

मोजमाप कार्यालयाचं काम म्हणजे दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासायची. तराजू बरोबर निघाला की त्याच्या जुळवणीच्या फिरकीतून बारीक तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी चढवायची आणि पक्कडीनं दाबून तिच्यावर ठसा उठवायचा. हे सील. ते तोडलं की गुन्हा. आता ज्याच्या हाती सील, त्याला सगळीकडे फिरकीच दिसते. मोठे साहेब पूर्वी साधे निरीक्षक होते, आणि त्या तरुण वयात त्यांनी कार्यालयातली वरखाली होणारी एकूण एक वस्तू बरोबर करून सील केली होती. खुर्च्यांचे स्क्रू, खिडक्यांचे अडसर, पंख्याची बटणं. आणि गाडीतली ड्रायव्हरच्या डोक्यामागची उशीसुद्धा.

खरं तर त्या उशीला खाली एक खटका असतो. तो दाबला की उशी आपल्या दोन दांड्यांवर खाचेखाचेनं वर येते. साऱ्या जगात असं असतं. या गाडीत मात्र खटक्यातून तार गेली होती, तारेला शिशाची गोळी होती, आणि उशी सील झाली होती ती आधीच्या ड्रायव्हरच्या मापाला. त्या ड्रायव्हरला सगळे बुटका म्हणायचे. बुटका निवृत्त झाला, आपली उंची मागे ठेवून गेला.

त्यामुळे शिडीचं डोकं जिथे सुरू व्हायचं तिथे उशी संपून चार बोटं झालेली असायची. डोक्याला टेकू तर नाहीच, उलट उशीची वरची कड मानेच्या मणक्यात शिरून मान पुढे ढकलायची. दोन वर्षं तो प्रश्नचिन्हासारखा बसून गाडी चालवत होता. आणि एके सकाळी उठला तो मान डावीकडे वळलेली, थोडी खाली झुकलेली, आणि तिथेच बसलेली. उजवीकडे फिरेचना.

उजवीकडे बायको होती. ती नेहमीच उजवीकडे असायची, पलंगावरही आणि रस्त्यावरही.

"अगं, थोडे दिवस डावीकडे येतेस का?" त्यानं भिंतीला विचारलं.

"मी का येऊ?" मागून आवाज आला. "लग्न झाल्यापासून ही बाजू माझी. मान तुमची फिरलीय, मी नाही फिरले. आता मी आहे का गेले, तेसुद्धा तुम्हाला कळायचं नाही."

बोलली खरी, पण दुपारभर तिनं तीळ गरम करून पुरचुंडीनं मान शेकली. आणि शेकता शेकता दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली, जी कुणीच बोललं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. डॉक्टर दुसरं काही फार बघत नसत. डाव्या खांद्यावरून मागे बघ, म्हणत. उजव्या खांद्यावरून मागे बघ, म्हणत. ज्याला बघता आलं नाही त्याची चावी काढून घ्यायची आणि त्याला गुदामात वजनं पुसायला बसवायचं. गुदामाचं छत शिडीच्या कानाला लागायचं.

बायकोनं आधी आपल्या हातचा उपाय केला. मऊ कापडाची चंद्रकोरीसारखी उशी शिवून तिला दोन बंद लावले आणि सीटवर बांधायला दिली. दोनच तासांत वजनकाकांनी ती पकडली. वजनकाका म्हणजे गुदाम सांभाळणारे गृहस्थ. तीस वर्षं वजनं हाताळून त्यांचं बोलणंही जड झालं होतं. सीलबंद वस्तूवर वरून काही घालणं म्हणजे भेसळ, असं त्यांनी सांगितलं, उशी ताब्यात घेतली, तराजूत घातली, आणि वजन लिहून पावती दिली.

मग उरला अर्ज. बायको म्हणाली, अर्ज थोडका लिहा आणि उशीचं नाव काढू नका. सील साहेबांच्या हातचं आहे, त्यांनाच लागेल. आपण आपलं मानेचं बोलावं. शिडीनं रात्रीच्या जेवणाआधी चार ओळी लिहिल्या, डावीकडे मान करून, त्यामुळे अक्षरही डावीकडे झुकलं:

"साहेबांस विनंती. गाडीत माझी मान राखली जात नाही. रोज चार बोटं खाली जाते. अशीच खाली जात राहिली तर मी काम करू शकणार नाही. तरी माझी मान वर राहील अशी सोय व्हावी."

कार्यालयात हातानं लिहिलेला अर्ज चालत नसे. तो टंकबाईंकडे जायचा आणि टाइप होऊन साहेबांकडे. टंकबाई म्हणजे कार्यालयाचं व्याकरण. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक वेलांटी चुकली नव्हती, आणि दुसऱ्याची चुकलेली त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी शिडीचा अर्ज वाचला आणि जीभ टाळूला लावून चुकचुकल्या. बिचारा. मनाला इतकं लागलंय, आणि लिंग मात्र साफ चुकलंय. मान कधी राखली जाते का? मान राखला जातो.

त्यांनी मायेनं सगळं दुरुस्त केलं. "गाडीत माझा मान राखला जात नाही. रोज चार बोटं खाली जातो. असाच खाली जात राहिला तर मी काम करू शकणार नाही. तरी माझा मान वर राहील अशी सोय व्हावी."

साहेबांनी हा अर्ज उभ्यानं वाचला आणि मग खाली बसले. माणूस हळवा होता. इतकी वर्षं त्यांच्यापुढे अपमानाच्या तक्रारी आल्या होत्या, पण त्या सगळ्या मोघम: फार अपमान झाला, घोर अपमान झाला. अपमान बोटांवर मोजून आणणारा हा पहिलाच. चार बोटं, तीही रोज. आणि कुणाकडून? आपल्याच कार्यालयाकडून. आपण सगळे त्याला शिडी म्हणतो, दिवे बदलायला लावतो. साहेबांनी चष्मा पुसला आणि आदेश सांगायला टंकबाईंना आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी शिडी आत आला तेव्हा सगळे कारकून खुर्च्या सरकवून उभे राहिले. त्याला वाटलं, मागून कुणी मोठं माणूस येतंय. पण मान वळेना, म्हणून तो आख्खा फिरला. मागे कुणीच नव्हतं.

"या, आपण बसावं," वजनकाका म्हणाले. परवा त्यांनीच उशीची पावती दिली होती.

फलकावर आदेश लावलेला होता. ड्रायव्हरांचा मान ठेवावा, मान राखावा. ते येताच सर्वांनी उठावं. त्यांना 'आपण' म्हणावं, शिडी म्हणू नये. दिवा गेल्यास अंधारात बसावं. आणि शेवटचं कलम साहेबांनी स्वतःच्या हातानं घातलं होतं: गाडीत मानाची जागा मागची असते, सबब यापुढे ड्रायव्हर कायम मागे बसतील, गाडी साहेब स्वतः चालवतील.

दुपारी छोटा समारंभ झाला. पदक तयार नव्हतं, म्हणून वजनकाकांनी गुदामातून अर्ध्या किलोचं पितळी वजन आणलं, चकचकीत पुसलेलं, आणि लाल फितीत ओवून साहेबांनी ते शिडीच्या गळ्यात घातलं. घालण्यासाठी साहेब लाकडी शिडीवर चढले. तिची तिसरी पायरी त्या दिवशी मोडली. वजन गळ्यात पडताच मान आणखी अर्धं बोट खाली गेली. साहेबांना वाटलं, किती हा विनय.

"साहेब, मला एवढंच म्हणायचं होतं की मान..." शिडीनं सुरुवात केली.

"काही बोलू नका," साहेब म्हणाले. "आम्हाला कळला."

तो 'कळला' शिडीच्या कानाला खटकला, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

आता मागच्या सीटची गंमत अशी, की तिथे गुडघे कानाला लागायचे. म्हणजे उंची परत आली, दुप्पट होऊन आली. पण बसल्या बसल्या त्याचा हात सवयीनं मागे गेला, आणि खटका सापडला. मोकळा. मागच्या उशीला सील नव्हतंच. तरुण निरीक्षकाच्या नजरेतून तेवढी एक वस्तू सुटली होती. त्यानं खटका दाबला. एक खाच, दोन, तीन. उशीचा माथा त्याच्या टाळूच्या बरोबरीला आला. त्यानं डोकं मागे टेकवलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मानेवरून डोक्याचं ओझं उतरलं.

पुढे साहेब गाडी चालवत होते. चालवत होते म्हणजे गाडी जिकडे जाईल तिकडे आनंदानं जात होते. वीस वर्षं मागे बसून त्यांच्या मनात जे साचलं होतं ते सगळं हॉर्नमधून बाहेर येत होतं. बुटक्याच्या मापाची उशी त्यांच्या डोक्याला तंतोतंत बसली होती. "आपल्याला त्रास नाही ना?" ते आरशात बघून विचारायचे, आणि आरशात बघताना रस्त्यावर बघायचे नाहीत.

आठ दिवसांत मान सुटत आली. उजवीकडे अर्धी वळायला लागली. पण ज्या चावीसाठी मान बरी व्हायला हवी होती ती चावी साहेबांच्या खिशात होती. आणि गुरुवारी कळलं की सोमवारच्या तपासणीची यादी तयार होतेय आणि तीत शिडी नाही. ज्यांना मान मिळाला ते ड्रायव्हर कसे राहतील? आणि सोमवारी ज्याची तपासणी नाही, त्याला वर्षभर चाकाला हात लावता येत नाही. म्हणजे मान बरी होऊनही बसायचं मागेच, गुडघे कानाला लावून, आयुष्यभर माननीय.

त्या रात्री त्यानं बायकोला सगळं सांगितलं. फलकावरचा आदेश त्यानं शब्दाला शब्द म्हणून दाखवला तेव्हा तिनं मशीन थांबवलं, 'मान ठेवावा, मान राखावा' हे दोनदा पुटपुटली, आणि एकाएकी कापडात तोंड घालून हसायला लागली. हसणं ओसरलं तेव्हा ओवी आली:

मान म्हणे मानाला, तू दादा मी ताई
तुला मिळे पदक, मला टेकायला जागा नाही

"एका नावाची दोन भावंडं," ती म्हणाली. "तुमच्या टंकबाईंनी बहिणीचा अर्ज भावाच्या नावावर चढवलाय. जा, त्यांनाच सांगा."

शुक्रवारी शिडी टंकबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला. त्या आदेशाप्रमाणे उठून उभ्या राहिल्या. मशीनमध्ये यादीचा कागद अर्धा टाइप झालेला होता.

"बाई, माझी मान दुखते," तो म्हणाला.

"दुखतो," बाई हळूच म्हणाल्या.

"दुखते."

"मान दुखावला जातो. दुखावतो म्हणा, फार तर. दुखते कसं म्हणता आपण?"

"मग काय म्हणू? रात्री झोपेत वळते, तर कट्ट वाजते."

टंकबाई थांबल्या. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य दुरुस्त करून बघितलं: मान रात्री झोपेत वळतो, कट्ट वाजतो. व्याकरण अगदी बरोबर होतं आणि अर्थ कुठेच नव्हता. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. शिडीनं मग गळ्यातलं पितळी वजन काढून टेबलावर ठेवलं, वाकला, खूप वाकला, आणि मानेमागचा लाल वळ त्यांना दाखवला. उशीची कड जिथे दोन वर्षं रुतली होती तिथे तो आडवा, सरळ, जणू कुणी शब्दाखाली रेघ मारावी तसा.

बाई खाली बसल्या. अर्जाची मूळ प्रत त्यांनी खणातून काढली आणि डावीकडे झुकलेल्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. एकतीस वर्षं. त्यांनी चष्मा काढला, ठेवला, परत घातला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, चूक स्त्रीलिंगीच असते. आणि माझीच आहे."

त्यांनी यादीचा कागद मशीनमधून काढला आणि कोरा घातला. वर लिहिलं, शुद्धिपत्र. खाली: 'माझा' ऐवजी 'माझी' वाचावे. 'जातो' ऐवजी 'जाते' वाचावे. 'असाच' ऐवजी 'अशीच'. 'राखला', 'राहिला' ऐवजी 'राखली', 'राहिली'. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपली सही करताना त्यांच्या हातून वेलांटी जरा हलली.

साहेबांनी शुद्धिपत्र वाचलं, अर्ज वाचला, पुन्हा शुद्धिपत्र वाचलं.

"मग तो मान नव्हताच?"

"नाही साहेब. ही होती," शिडी म्हणाला आणि मानेवर हात ठेवला.

साहेबांनी जवळ येऊन ती मान बघितली. मग त्यांच्यातला जुना निरीक्षक जागा झाला. तक्रार जर चार बोटांची होती, तर चार बोटं मोजायला हवीत. सगळं कार्यालय गाडीपाशी गेलं. शिडीला ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसवलं. वजनकाकांनी मखमलीच्या पेटीतून प्रमाणित पितळी मीटर आणला, जो आजवर फक्त दुसरे मीटर मोजायला बाहेर निघाला होता, आणि सीटपासून शिडीचं डोकं जिथे सुरू होतं तिथपर्यंत लावला. मग उशीच्या माथ्यापर्यंत. फरक निघाला चार बोटं, ना रेघभर कमी ना जास्त.

"माणूस खरं बोलतोय," वजनकाका जड आवाजात म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी मोठी स्तुती तराजूखेरीज कुणाची झाली नव्हती.

साहेबांनी पक्कड मागवली. आपल्या तरुणपणी लावलेलं सील त्यांनी स्वतः कापलं. शिशाची गोळी खाली पडली तेव्हा एवढासाच आवाज झाला. वजनकाकांनी खटका दाबला; उशी कुरकुरत वर आली, टाळूशी येऊन थांबली. डोकं आणि उशी यांच्यात दोन बोटांची फट राहील इतकी सीट मागून सरळ केली. मग नवी तार, नवी गोळी, नवा ठसा. काढून घेतलेली चंद्रकोरीची उशी पावती तपासून आणि पुन्हा वजन करून परत देण्यात आली.

साहेबांनी चावी दिली, पण लगेच सोडली नाही. दोन माणसांच्या हातात एक चावी थोडा वेळ राहिली.

"मी बरी चालवत होतो का रे?" त्यांनी विचारलं.

"छान चालवायचात, साहेब," शिडी म्हणाला. त्याला इतकं खोटं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी मान खाली घातली. टंकबाई वही घेऊन शेजारीच होत्या; आता त्या कसलीच खात्री धरायला तयार नव्हत्या.

"दुखतो, का दुखते, साहेब?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी थोडा विचार केला. "थोडा दुखतो," ते म्हणाले. मग मागचं दार उघडून आत बसले. "चल रे शिडी."

ती हाक ऐकून शिडीला इतकं बरं वाटलं की गाडी सुरू करायच्या आधी त्यानं दोन क्षण डोकं मागे टेकवून ठेवलं.

यादीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी, हातानं लिहिलेलं गेलं. सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत तो स्टुलावर बसला. बायको बरोबर आली होती, गळ्यात मोजायची टेप तशीच, आणि खोलीत शिरताच उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"उजव्या खांद्यावरून मागे बघा," डॉक्टर म्हणाले.

मान वळली. जिथे अडायची तिथे जरा थबकली, आणि मग पुढे गेली. तीन आठवडे जे माणूस त्याला आवाजानंच भेटत होतं ते समोर आलं. सुई टोचून लाल झालेलं बोट, दातात धागा तोडल्यामुळे ओठाला चिकटलेला एक निळा दोरा.

"आहे का मी?" तिनं विचारलं.

"आहेस," तो म्हणाला.

डॉक्टरांनी डावीकडे बघायला सांगितलं. तो उजवीकडेच बघत होता. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मग पेन उचललं आणि कागदावर टेकवलं. त्यांना वाटलं, मान आता या बाजूला अडकली.

"अहो, डावीकडे बघा," बायको म्हणाली. "मी कुठे जात नाही."